एकाच दोषारोपपत्रातले दोन राज्यपाल

बडोद्याच्या नावाने देशभर गाजलेला, आणीबाणीतला डायनामाइट कटाचा फौजदारी खटला बडोद्यात कधी उभाच राहिला नाही. सुरसागराजवळ न्यायमंदिराची इमारत १८९६ पासून होती, जिल्हा न्यायालय तेव्हा तिथेच भरायचं, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून ते चालत दहा मिनिटांवर होतं. पण २४ सप्टेंबर १९७६ रोजी दोषारोपपत्र गेलं ते दिल्लीच्या मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे. माझे वडील तेव्हा प्रतापनगरला रेल्वेत होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते म्हणायचे, "बारसं आपल्या गावचं आणि पाळणा दिल्लीला!"

वकिली थांबवल्यापासून मी इथल्या एका लहानशा मराठी अभ्यासमंडळात महिन्यातून एकदा एखादं प्रकरण मांडतो. दहाबारा जण येतात, त्यातले निम्मे चहासाठी. या खेपेला विषय होता 'राज्यपाल'. मंडळींना वाटलं, मी हल्लीचे वाद काढणार, अडकवून ठेवलेली विधेयकं, पहाटेचे शपथविधी. मी काढलं वीरेन शाह यांचं प्रकरण. उद्योगपती, खासदार, डायनामाइट खटल्यातले आरोपी आणि शेवटी पश्चिम बंगालचे राज्यपाल असा हा माणूस. त्या बैठकीत जे बोललो आणि जे बोलायचं राहून गेलं, ते इथे सलग लिहितो.

आधी घराणं. वीरेन शाह यांचा जन्म १२ मे १९२६ चा. वडील जीवनलाल मोतीचंद शाह हे मोठे व्यापारी, गांधीजींच्या वर्तुळातले. लाला मुकंदलाल यांनी १९३७ साली सुरू केलेली पोलादाची कंपनी पुढे वर्ध्याचे जमनालाल बजाज आणि हे जीवनलाल शाह यांनी मिळून हाती घेतली. नाव मात्र मुकंदच ठेवलं. मुंबईत राहिलेल्यांना ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा मुकंदचा कारखाना आठवत असेल. वीरेन शाह याच कंपनीचे प्रमुख झाले. म्हणजे खादी आणि भट्टी दोन्ही एकाच घरात. त्या पिढीतल्या गांधीवादी शेठजींना यात काही विचित्र वाटत नसे. राजभवनही या वर्तुळाला परकं नव्हतं. जमनालालजींचे जावई श्रीमन्नारायण १९६७ ते १९७३ या काळात आमच्याच गुजरातचे राज्यपाल होते.

शाह राजकारणात आले स्वतंत्र पक्षातून. १९६७ साली जुनागढमधून लोकसभेवर निवडून गेले. परवाने-कोट्याच्या राज्याला उघड विरोध करणारा तो पक्ष होता, तेव्हा कारखानदाराने त्यात असणं समजण्यासारखं आहे. १९७५ मध्ये ते राज्यसभेवर गेले. इथवरची गोष्ट अशा अनेकांची आहे, म्हणून मी तिच्यावर रेंगाळत नाही.

गोष्ट वळते आणीबाणीत. २५ जून १९७५ ला आणीबाणी पुकारली गेली. उद्योगजगतातल्या बहुतेकांनी तक्रार केली नाही. संप बंद, घेराव बंद, गाड्या वेळेवर. खरं सांगायचं तर कारखानदाराला सोयीचाच काळ होता तो. विरोधात जाण्याची किंमतही दिसत होती. मे १९७६ मध्ये बजाज उद्योगसमूहावर प्राप्तिकर खात्याचे मोठे छापे पडले. पुढे शाह आयोगाच्या चौकशीत तो विषय आला. (आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणारा तो आयोग न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा. आडनावाच्या सारखेपणाने बैठकीत दोघांचा गोंधळ झाला, म्हणून सांगतो.) अशा वेळी पोलादाच्या कंपनीचा प्रमुख भूमिगत कामगारनेत्याच्या संपर्कात राहतो, हे मला आजही नवलाचं वाटतं. आणि तो कामगारनेता कोण, तर जॉर्ज फर्नांडिस. १९६७ मध्ये मुंबईत स. का. पाटलांना पाडणारे, मे १९७४ मध्ये देशभरचा रेल्वे संप करणारे. नाना त्या संपात होते. आमच्या घरी जॉर्जचं नाव देवाच्या खालोखाल घेतलं जाई, आणि आई त्याच नावाने बोटं मोडी, कारण त्या महिन्याचा पगार बुडाला होता.

आता बडोदं कुठे येतं ते बघू. आणीबाणी लागण्याच्या आठवडाभर आधी, १८ जून १९७५ ला, गुजरातमध्ये बाबूभाई जशभाई पटेल यांचं जनता मोर्चाचं सरकार आलं होतं. त्यामुळे पहिले आठ-नऊ महिने गुजरात हे विरोधकांना श्वास घ्यायला मिळालेलं ठिकाण होतं. बाहेरून येणाऱ्यांची वर्दळ होती. जुलै १९७५ मध्ये वेशांतर केलेले फर्नांडिस बडोद्यात आले. इथे त्यांना दोन पत्रकार भेटले. एक 'इंडियन एक्स्प्रेस'चे किरीट भट्ट, दुसरे 'टाइम्स ऑफ इंडिया'चे के. विक्रम राव. सेन्सॉरने लेखणीच काढून घेतल्यावर पत्रकारांनी काय करायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी निवडलेलं उत्तर बरोबर होतं असं मी म्हणणार नाही.

पावागडच्या वाटेवर हालोल लागतं. त्या बाजूला दगडखाणी आहेत आणि खाण म्हटली की सुरुंग आला. दगडात भोक पाडायचं, कांडी बसवायची, वात लावायची आणि लांब पळायचं. हा माल चोरबाजारातला नसतो. परवान्यावर मिळतो आणि नोंदवहीत लिहिला जातो. खाणीच्या हिशेबातून चार कांड्या इकडेतिकडे झाल्या तर तेव्हा फारसं कोणी विचारत नसे, असं आमच्या शेजारचे एक कारकून म्हणत, जे हालोलला एका कंत्राटदाराकडे होते. हा माल मिळवण्यासाठी ओळखी जुळवून देण्यात वीरेन शाह यांची मदत झाली, असं या खटल्याच्या हकिगतीत सांगितलं जातं. बेत होता तो सरकारी कचेऱ्यांतली स्वच्छतागृहं, सभांची रिकामी व्यासपीठं अशा ठिकाणी धमाके करण्याचा, रात्री किंवा माणसं येण्याच्या बऱ्याच आधी, कुणाचा जीव जाऊ नये अशा रीतीने. वाराणसीत इंदिरा गांधींच्या सभेचं व्यासपीठ सभेच्या काही तास आधी उडवायचा बेत होता, तो फसला.

इथे बैठकीत वाद झाला. एक सीए तरुण म्हणाला, "काका, कुणी मेलं नाही म्हणून तो गुन्हा नाही का?" गुन्हाच. हेतू कितीही जपून ठरवला तरी वात पेटल्यावर तो हेतू विचारत बसत नाही. सभेआधी चार तास व्यासपीठाखाली कोण असतं? मंडप बांधणारा मजूर असतो. सतरंजी अंथरणारा असतो. मी आणीबाणीचा कडवा विरोधक, पण या मजुरापुढे माझ्याकडे उत्तर नसतं. हे त्या तरुणाला मी कबूल केलं.

मार्च १९७६ मध्ये इकडे सगळं एकदम उलटलं. बाबूभाईंचं सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली, बडोद्यात स्फोटकं सापडली, भट्ट आणि राव पकडले गेले. १० जूनला फर्नांडिस कलकत्त्यात सापडले. दोषारोपपत्रात एकूण २५ नावं होती. कलमं होती भारतीय दंड संहितेचं १२१-अ आणि १२०-ब, जोडीला १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा आणि १८८४ चा स्फोटक कायदा. १२१-अ म्हणजे सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याचा किंवा बळाच्या धाकाने सरकारला नमवण्याचा कट. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. २५ पैकी दोघे माफीचे साक्षीदार झाले. उरलेल्यांत एक पोलादाचे शेठ वीरेन शाह, आणि एक अहमदाबादचे गांधीवादी वकील प्रभुदास पटवारी. या दुसऱ्या नावावर बोट ठेवून ठेवा.

तीस हजारी न्यायालयात हातातल्या बेड्या उंचावणाऱ्या फर्नांडिसांचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच बळावर ते १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत तुरुंगातून बिहारमधल्या मुझफ्फरपूरला तीन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. कायद्याच्या दृष्टीने गंमत त्यानंतर आहे, आणि माझ्या मते हे प्रकरण अभ्यासायचं ते या पुढच्या दोन महिन्यांसाठी.

तारखा बघा. २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली. २४ मार्चला मोरारजी देसाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. २६ मार्चला, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, विशेष सरकारी वकिलांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली खटला मागे घेण्याचा अर्ज दिला आणि दंडाधिकाऱ्यांनी संमती दिली. आणि २७ एप्रिलला, जेमतेम महिन्याने, प्रभुदास पटवारी तमिळनाडूचे राज्यपाल झाले.

कलम ३२१ चा एक बारकावा लोकांना माहीत नसतो. आरोप निश्चित झाल्यानंतर खटला मागे घेतला तर आरोपी निर्दोष ठरतो. त्याआधी मागे घेतला तर तो फक्त मोकळा होतो. वकिलांच्या भाषेत पहिलं 'अ‍ॅक्विटल', दुसरं 'डिस्चार्ज'. बडोदा खटला तेव्हा सत्र न्यायालयाकडे सोपवण्याच्याच टप्प्यावर होता, आरोप निश्चित व्हायचे होते. म्हणजे वीरेन शाह, पटवारी, फर्नांडिस, भट्ट, राव यांच्यापैकी कुणालाही कुठल्या न्यायाधीशाने साक्षीपुरावे ऐकून दोषी ठरवलं नाही, आणि निर्दोषही ठरवलं नाही. त्यांच्या आयुष्यातला तो रकाना कोरा राहिला. चाहत्यांनी त्यात 'स्वातंत्र्ययोद्धा' लिहिलं, विरोधकांनी 'स्फोटवाला'. न्यायालयाने काहीच लिहिलं नाही. मला विचाराल तर त्या आरोपींवरही हा अन्यायच झाला. खटला चालला असता तर कटाची खरी लांबी-रुंदी तरी कळली असती, कोण किती आत होतं आणि कोण नुसता ओळखीमुळे ओढला गेला हे निवडता आलं असतं.

खटला मागे घेण्याला आव्हान मिळालं आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 'राजेंदर कुमार जैन विरुद्ध राज्य' हा तो निकाल, मे १९८० चा, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेला. न्यायालयाने माघार कायम ठेवली. सांगितलं ते थोडक्यात असं: गुन्हा राजकीय हेतूचा आहे म्हणून गुन्हेगार सुटत नाही. पण व्यापक सार्वजनिक हित पाहून सरकार वकिलाला माघारीचा सल्ला देऊ शकतं. निर्णय मात्र वकिलाने स्वतःच्या बुद्धीने घ्यायचा, हुकमाचा ताबेदार म्हणून नाही. सत्र न्यायालयात चालण्याजोगा खटला असला तरी सोपवणीच्या टप्प्यावर दंडाधिकारी संमती देऊ शकतात, हाही मुद्दा तिथेच सुटला. शपथविधीनंतर तिसऱ्या दिवशी वकिलाने 'स्वतःच्या बुद्धीने' अर्ज केला, हे वाक्य मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवतो तेव्हा वर्गात हसू उमटतं. कायदा असाच असतो. त्याला वकिलाची बुद्धी गृहीत धरावी लागते.

आमच्या बैठकीतल्या एका तरुण वकील बाईंनी इथे जो प्रश्न काढला, तो मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. त्या म्हणाल्या, "काका, मे १९८० मध्ये पटवारी अजून राजभवनातच होते ना? मग निकाल उलटा लागला असता तर?"

खरंच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६१ नुसार राज्यपाल पदावर असेपर्यंत त्याच्याविरुद्ध कोणताही फौजदारी खटला सुरू करता येत नाही, सुरू असलेला पुढे चालवताही येत नाही. माघार रद्द झाली असती तर उरलेले आरोपी तारखांना हजर झाले असते आणि एकाच्या नावापुढे 'सध्या राज्यपाल, म्हणून स्थगित' असा शेरा पडला असता. घटनाकारांनी हे कवच पदाच्या प्रतिष्ठेसाठी ठेवलं. पण नेमणुकीआधीच्या कृत्यांनाही ते पुरतं. थोडा वेळ सगळे गप्प होते. मग चहा आला.

पटवारींची गोष्ट तिथेच संपवतो. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेत आल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये पटवारींना पदावरून काढलं. कारण सांगावं लागत नाही. अनुच्छेद १५६ म्हणतो की राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो, आणि राष्ट्रपतींची मर्जी म्हणजे मंत्रिमंडळाची मर्जी. त्याच्या आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रघुकुल टिळक यांच्या प्रकरणात म्हटलं होतं की राज्यपाल हा केंद्र सरकारचा नोकर नव्हे. गंमत अशी की त्या टिळकांनाही पुढे राजस्थानच्या राजभवनातून काढलंच. नोकर नव्हे हे खरं. नोकराला निदान नोटीस द्यावी लागते.

वीरेन शाह मात्र पदासाठी आणखी बावीस वर्षं थांबले. मधल्या काळात कंपनी सांभाळली, १९९० ते १९९६ पुन्हा राज्यसभेत होते, या खेपेला भाजपचे. ४ डिसेंबर १९९९ ला ते पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. केंद्रात वाजपेयींचं सरकार होतं आणि संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. ज्या शहरात १९७६ मध्ये मुख्य आरोपी पकडला गेला, त्याच शहराच्या राजभवनात सहआरोपी राहायला गेला. असल्या योगायोगाला आमच्याकडे 'घडलं ते घडलं' म्हणतात आणि पुढे जातात.

केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात राज्यपाल कसा असावा याच्या कसोट्या दिल्या होत्या: कुठल्या तरी क्षेत्रातला नामवंत, त्या राज्याबाहेरचा, स्थानिक राजकारणापासून अलिप्त, आणि नजीकच्या काळात राजकारणात फार बुडालेला नसलेला. शाह यांना या फूटपट्टीने मोजलं तर पहिल्या तिन्हीत बसतात. चौथीत अडकतात. राज्यसभा सोडून साडेतीन वर्षंच झाली होती. कंपनीचं म्हणाल तर अनुच्छेद १५८ राज्यपालाला दुसरं लाभाचं पद घेऊ देत नाही. पण घराण्याचा उद्योग घराण्यात राहतो, त्याला घटना हात लावत नाही. आणि फौजदारी पूर्वेतिहास? त्याबद्दल आयोगाच्या या कसोट्यांत काही नाही. अनुच्छेद १५७ ची पात्रता दोनच ओळींची आहे, भारताचं नागरिकत्व आणि वयाची ३५ वर्षं पूर्ण.

आता खरी परीक्षा. डावी आघाडी तेव्हा बावीस वर्षं सत्तेत होती. ज्योती बसूंच्या राज्यात भाजपने पाठवलेला, भांडवलदार, एकेकाळचा स्वतंत्र पक्षवाला राज्यपाल. ठिणग्या उडायला आणखी काय हवं? तशात २०००च्या जुलैमध्ये वीरभूम जिल्ह्यातल्या नानूरला तृणमूलचे ११ कार्यकर्ते मारले गेले. मेदिनीपूर जिल्ह्यात केशपूर धुमसत होतं. ममता बॅनर्जी केंद्रात मंत्री होत्या आणि राज्य सरकार बरखास्त करा म्हणून अडून बसल्या होत्या. राजभवन कुठल्या बाजूला झुकतं यावर बरंच अवलंबून होतं. राष्ट्रपती राजवट आली नाही. याचं श्रेय एकट्या राज्यपालाला देणं चूक ठरेल. १९९४ च्या बोम्मई निकालाने राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ चा हात आधीच आखडला होता, आणि त्याला लागणारं राज्यसभेतलं बहुमत केंद्र सरकारकडे नव्हतं. पण ज्या माणसाने स्वतः बिनखटल्याच्या अटकांचा काळ आतून पाहिला, तो निवडून आलेलं सरकार घालवायच्या घाईत नव्हता, एवढं तरी त्या पाच वर्षांवरून दिसतं. ६ नोव्हेंबर २००० ला त्यांनी बुद्धदेव भट्टाचार्यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली आणि २००१ च्या निवडणुकीत आघाडी १९९ जागा घेऊन आली तेव्हा पुन्हा दिली. बुद्धदेवबाबूंना कारखाने हवे होते. पोलादवाल्या राज्यपालाशी बोलायला निदान एक विषय तरी होता.

मे २००४ मध्ये दिल्लीतलं सरकार बदललं. जुलैत उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा इथल्या राज्यपालांना एका फटक्यात काढलं गेलं. यावरूनच पुढे २०१० चा बी. पी. सिंघल निकाल आला, की नुसतं केंद्रात सरकार बदललं एवढ्यावरून राज्यपाल काढता येणार नाही. शाह त्या यादीत नव्हते. का नव्हते? सीए तरुणाने पैज लावली की उद्योगपतींची पोच. मी म्हटलं, दिल्लीचं नवं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं. डाव्यांनी 'हा माणूस नको' असं एकदा म्हटलं असतं तर तो आठवडाभरही राहिला नसता. त्यांनी म्हटलं नाही, हेच मला त्या कारकिर्दीचं सगळ्यात भक्कम प्रशस्तिपत्र वाटतं. ते कुठे कागदावर नाही, माझा अंदाज आहे, आणि त्याला तो पटला नाही.

१४ डिसेंबर २००४ ला पाच वर्षांवर दहा दिवस घेऊन शाह पायउतार झाले आणि त्यांच्या जागी गोपाळकृष्ण गांधी आले. ९ मार्च २०१३ ला शाह गेले. नाना त्याआधीच गेले होते. त्यांच्या ट्रंकेत १९७७ ची वर्तमानपत्रं नीट घडी करून ठेवलेली होती. मुझफ्फरपूरचा निकाल लाल शाईने चौकटीत, त्याखाली खटला मागे घेतल्याची छोटी बातमी. तिच्याभोवती चौकट नाही. कडेला पेन्सिलने फक्त एक प्रश्नचिन्ह आहे. हस्ताक्षर त्यांचंच.